सहावं पातं

बुधवारी सकाळी सव्वासातला मंजिरीवहिनींचा फोन आला, तेव्हा मी इथे आखातात, मदिनत खलीफातल्या घरी बुटांच्या नाड्या बांधत होतो. "भावजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, श्रीधर रात्रपाळी करून आला असेल, आणि मी तसं बोललोसुद्धा... "झोपू द्या की हो त्याला!" पलीकडून "तुम्ही या," असं इतक्या हळू आलं की एका बुटाची नाडी तशीच सोडून मी निघालो. अबू हमूरला पोचलो तेव्हा त्यांच्या दारात अँब्युलन्स उभी होती आणि तिला कसलीच घाई नव्हती. श्रीधर, माझा इथला मित्र, झोपेतच गेला. चौपन्न वर्षांचा होता. चार दिवसांनी त्याला नाशिकला नेलं. आता सहा आठवडे होत आले. हे लिहायला बसलो, कारण त्याच्या हयातीत एक गोष्ट मी बोललो नाही, आणि तिची लाज आता घास गिळू देत नाही.

नाशिकच्या माणसाला होडीचं वेड कुठून लागलं, हे आम्हा कुणालाच कळलं नाही. गोदावरीच्या पलीकडे ज्याला पाणी माहीत नाही, त्याने देश सोडून निघालेल्या एका गोऱ्याकडून जुनी फायबरची बोट घेतली आणि उत्तरेला, मदिनत अश शमालच्या बाजूच्या बंदरात बांधून ठेवली. बोटीच्या पोटात डिझेल इंजिन. फळी उचलायची, डोकं खाली आणि पाय वर करून आत शिरायचं, अशी तिथली व्यवस्था. श्रीधर गॅस प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनचा इंजिनिअर होता, पण बोटीच्या इंजिनाबाबत आम्ही दोघे सारखेच अडाणी. "ऑफिसात एक नट फिरवायला तीन सह्या लागतात रे," तो म्हणायचा. "इथे पाना माझा, नट माझा, आणि शिव्याही माझ्याच!" पहिल्या हिवाळ्यात इंजिन चालू व्हायचं आणि दोन मिनिटांत मरायचं. बंदरावरच्या मेकॅनिकने नुसतं वाकून पाहिलं आणि "नवीन इंजिन डालो, खलास," असं सांगून टाकलं. श्रीधरने त्याला अत्यंत नम्रपणे शुक्रन म्हटलं आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. फिल्टर बदलला, टाकी धुतली, डिझेलच्या नळीतली हवा काढली, पुन्हा काढली. चौथ्या शुक्रवारी कळलं की तांब्याचा एक जुना वॉशर त्याने स्वतःच परत बसवला होता आणि तिथूनच हवा आत जात होती. हे कळल्यावर तो इतका खूश झाला की माझ्या पांढऱ्या शर्टाला डिझेलच्या हातांनी मिठी मारली. तो शर्ट बायकोने फेकून दिला. आता तो हवा होता असं वाटतं.

माझं काम एकच. मागच्या टोकाला बसून पाणी बघायचं. असलं इंजिन समुद्राचं पाणी खालून ओढून घेतं, त्यावर थंड होतं आणि ते पाणी मागच्या नळीतून बाहेर थुंकतं. थुंकलं नाही, तर काही मिनिटांत सगळं भाजून निघतं. त्यामुळे चावी फिरली रे फिरली, की खालच्या भोकातून आरोळी यायची, "पाणी येतंय का?" आणि मी ओरडायचो, "येतंय!" ही आरोळी त्याने घरून आणली होती. व्हिलाच्या गच्चीवरची टाकी साफ केली की तो वरून असाच ओरडायचा, आणि स्वयंपाकघरातून वहिनींचं ठरलेलं उत्तर यायचं, "येतंय हो!" इतकी वर्षं त्या दोघांचं हे चाललं होतं. शेजारच्या मुलांनाही पाठ झालं होतं.

वहिनींना मात्र त्याने बोटीवर कधी नेलं नव्हतं. "पूर्ण नीट झालं की तुला नेतो," हे तीन वर्षं चालू होतं. "या सवतीचं तोंड तरी दाखवा एकदा," असं त्या म्हणायच्या. शेवटी मागच्या वर्षी जानेवारीत त्याने सांगून टाकलं, झालं नीट, या शुक्रवारी जायचं. वहिनींनी नवं लाइफ जॅकेट आणलं, कोथिंबिरीच्या वड्यांचा बेत ठरवला. गुरुवारी श्रीधरला शिफ्ट होती, म्हणून तो मला म्हणाला, "तू आज जाऊन दहा मिनिटं इंजिन चालव, बॅटरी चार्ज होऊ दे. खालचा पाण्याचा व्हॉल्व्ह आधी उघड, बस्स."

मी गेलो. पहिल्यांदाच एकटा होतो ना, त्यामुळे अंगात संचारलं होतं. सुकाणूवर हात ठेवून, गॉगल लावून, नाशिक-पुण्याच्या नातेवाइकांसाठी स्वतःचा व्हिडिओ काढत बसलो. मध्येच, इंजिन तापलं की वाजणारा बझर वाजायला लागला. त्याची एक वायर सैल आहे हे ऐकून होतो, म्हणून तिकडे दुर्लक्ष केलं. जळक्या रबराचा वास आला तेव्हा कुठे मागे पाहिलं, तर नळीतून पाणी नाही, नुसती वाफ... व्हॉल्व्ह मी उघडलाच नव्हता.

संध्याकाळी श्रीधर आला, त्याने पंप उघडला. पाणी ओढणाऱ्या रबरी पंख्याला सहा पाती असतात. एकही शिल्लक नव्हतं. पाच तुकडे त्याने चिमट्याने काढले, सहावं पातं काही सापडेना. शुक्रवारी सकाळी वहिनी डबा घेऊन तयार, आणि मी त्यांच्या दारात मान खाली घालून उभा. श्रीधर म्हणाला, "माझंच चुकलं. परवा चालवून बघताना व्हॉल्व्ह उघडायला विसरलो." मी तिथेच होतो. तोंड उघडलं नाही. नंतर गाडीत त्याला म्हटलं, अरे, असं का केलंस? तर म्हणे, "माझ्यावर ती हसेल. तुझ्यावर चिडली असती. मग दर शुक्रवारचा तुझा डबा कोण देणार?"

खरंच हसल्या त्या. वर्षभर हसल्या. कुणी जेवायला आलं की तीच गोष्ट... "एवढे मोठे इंजिनिअर, आणि पाणी सोडायला विसरले!" घरातून निघताना "व्हॉल्व्ह उघडलात ना?" हे तर रोजचंच. श्रीधर मान डोलावून हसायचा. आणि मी? सगळ्यांबरोबर मीही हसायचो.

नवा पंखा बसला, पण जोर दिला की दहा मिनिटांत तापमानाचा काटा वर. ते सहावं पातं आत कुठेतरी पाणी अडवून बसलं होतं. त्याने नळ्या सोडवल्या, धुतल्या, थर्मोस्टॅट बदलला. उन्हाळ्यात त्या भोकात हात घालवत नाही, ते महिने वाया गेले. तापणाऱ्या इंजिनावर बायकोला समुद्रात न्यायचं नाही, यावर तो ठाम होता. व्हॉल्व्हच्या दांडीवर त्याने तारेचा एक आकडा बसवला आणि चावी कायमची तिथे टांगली. आता तिथे हात घातल्याशिवाय इंजिन चालूच होणार नव्हतं. ही सोय माझ्यासाठी होती, पण तसं त्याने कधी म्हटलं नाही.

त्याच्या शेवटच्या शुक्रवारी त्याने मला बोलावलं. मुलीची परीक्षा आहे, असं मी सांगितलं. खरं म्हणजे मला त्या शोधाचा कंटाळा आला होता. साडेअकराला त्याचा फोटो आला, काळ्या तळहातावर रबराचा एवढासा तुकडा. खाली लिहिलं होतं, "सापडलं! कूलरच्या मागच्या वळणात बसलं होतं बेटं. अर्धा तास पळवलं, काटा हलला नाही. येत्या शुक्रवारी मंजिरीला नेतोय. इन्शाल्ला! तू पाणी बघायला यायचंस." उत्तर म्हणून मी नुसता अंगठा पाठवला. बुधवारी तो गेला.

वहिनी गेल्या आठवड्यात घर आवरायला परत आल्या. त्यांचा इथला व्हिसा श्रीधरच्या नावावर होता, त्यामुळे आता राहता येत नाही. बोट त्याच्या प्लांटमधला एक जण घेणार आहे. "त्याआधी मला एकदा बघायचीय," असं त्या म्हणाल्या. तासाभराने आम्ही बंदरावर पोचलो. बोटीवर मी फळी उचलली. आकड्यावर चावी होती, आणि चावीच्या दोऱ्यात भोक पाडून ओवलेलं ते पातं होतं.

"हे काय?" वहिनींनी विचारलं.

तेव्हा मी सांगितलं. व्हिडिओ, गॉगल, बझर, सगळं. त्या चावीकडे बघत राहिल्या. मला वाटलं होतं रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"वर्षभर मी त्यांना बोलत होते," त्या म्हणाल्या. "चार माणसांत बोलत होते... तुम्ही एकदा तरी सांगायचं होतंत, भावजी."

मी फळी बाजूला ठेवली आणि म्हटलं, थोडं बाहेर नेऊ का? "नको," त्या म्हणाल्या. "ते नेणार होते. तुम्ही नुसतं चालू करा." आणि माझी नेहमीची जागा होती तिथे, मागच्या टोकाला, जाऊन बसल्या.

मी चावी काढली, व्हॉल्व्ह उघडला, दोनदा तपासला. इंजिन एका दमात चालू झालं. मी पुन्हा भोकात वाकलो, गळती बघायचं निमित्त करून, कारण मला रडू आवरत नव्हतं. आरोळी मारायला मी विसरलो, किंवा ती मारायचा मला हक्क वाटला नाही. काटा जागचा हलत नव्हता. आणि मागून, कुणी काही विचारलेलं नसताना, स्वयंपाकघरातून गच्चीपर्यंत पोचेल अशा मोठ्या आवाजात वहिनी म्हणाल्या, "येतंय हो!"