माझ्याच वेणीचं गंगावन

सोळा वर्षांची होते. प्लांट उभारायला आलेल्या रशियन लोकांच्या बायका मानेपर्यंत कापलेल्या केसांनी भिलाईच्या बाजारात खुशाल फिरायच्या. एका दुपारी मीही आईची कात्री घेतली आणि वेणी कापून टाकली.

बाबा ड्यूटीवरून आले. "कोणाले विचारून कापले?"

"केस माझे आहेत," मी म्हणाले.

"घर माहं आहे." मैदानातल्या सभेत स्वातंत्र्य, समता यांवर टाळ्या घेणारे हेच बाबा. माझ्या डोक्यापाशी येऊन सगळं भाषण संपलं.

आईनं वेणी फेकली नाही. धुऊन, वाळवून तिचं गंगावन केलं. दोन महिन्यांनी नागपूरकडचे पाहुणे मला पाहायला आले, तेव्हा माझ्या उरलेल्या केसांत तेच घट्ट गुंफलं. "मान हलवू नको," एवढंच म्हणाली.

मुलाच्या आईनं शेपटा हातात धरून पाहिला. "केस मस्त आहेत जी पोरीचे!" त्या बाईनं पुढं जन्मभर माझं दुसरं कौतुक केलं नाही.

पसंत पडली ती मी कापून टाकलेली वेणी. तिच्यासोबत मला पाठवून दिलं.