घोटायचा दगड आणि चांदीचं कोंदण

सिचोमोवी गावात ब्यूला म्हातारीच्या भांड्यांचं केवढं नाव, पण गेली अकरा वर्षं ती भांडी दगडानं घासून तिची थोरली लेक डेल्फीन घोटते आहे, हे कुणी तोंडातून काढत नसे. म्हातारीच्या मनगटात बळच उरलं नव्हतं. भांड्याच्या बुडाशी सही मात्र तिचीच. डेल्फीनला सहीचं काही नव्हतं. तिला हवा होता तो घोटायचा दगड. पणजीपासून चालत आलेला काळा गोटा, वर अंगठ्याचा खळगा आणि खाली मातीवर फिरून फिरून गुळगुळीत झालेली पाठ. असा दगड आईकडून लेकीकडे जातो, आणि तो आपल्याकडेच येणार, असं ती धरून चालली होती. वेडी बाई.

तिची स्वतःची भांडी वेगळी. वडिलांनी शिकवलेलं चांदीकाम ती मातीत आणायची: कच्च्या भांड्यावर खाचा कोरायच्या, मेंढ्यांच्या लेंड्यांच्या जाळात भाजून झालं की त्या खाचांत चांदीची पट्टी ठोकून बसवायची. बाजारात त्यावर लोकांच्या उड्या पडत आणि म्हातारीच्या अंगाचा तिळपापड होई. "माती जमत नाही म्हणून तिला दागिने घालतेस," असं ती चारचौघांत सुनावायची.

मंगळवारी म्हातारीनं तिला हाक मारली आणि दगड टेबलावर ठेवला. डेल्फीननं हात दोनदा पुसले.

"घे. याला कोंदणात बसव. शनिवारी मर्लीनचा वाढदिवस, फिनिक्सहून येतेय. गळ्यात घालेल."

मर्लीन म्हणजे धाकटी. उभ्या जन्मात तिनं मातीला हात लावला नव्हता.

"आई, हा कामाचा दगड आहे गं. मग मी घोटू कशानं?"

"तुझी चांदी आहे की चकाकायला. आणि मागून सपाट तास, पोरीच्या छातीवर उंच दिसायला नको."

रडली असती तर बरं झालं असतं. बुधवारी तिनं दगड चांदीकामाच्या, तासायच्या चाकावर धरला. चार बायकांनी जन्मभर वापरून गुळगुळीत केलेली पाठ पाच मिनिटांत भुकटी होऊन ओट्यावर पडली. कोंदण मात्र तिनं जीव ओतून केलं. वाईट काम तिला येतच नव्हतं.

शनिवारी मका-मटणाचा रस्सा ओरपता ओरपता मर्लीननं डबी उघडली. "छानच केलंयस ताई. दगड तेवढा कळकट आहे. फिरोजा बसवून देशील?"

म्हातारी डेल्फीनकडे न बघताच म्हणाली, "देईल की. तिला काय काम आहे?"

डेल्फीननं कोंदण उचकटलं. दगड तळहातावर आला तेव्हा नाही म्हटलं तरी तिच्या मनात आशा लकाकली. आता तरी आई म्हणेल, ठेव तुला.

म्हातारीनं आपलं अर्धवट घोटलेलं कच्चं भांडं आणून तिच्या मांडीवर ठेवलं. यंदाचं एवढंच मोठं भांडं, तीन महिने खपून उभारलेलं. "सोमवारी गिऱ्हाईक येतंय. एवढं घोटून टाक, आणि मग दगड माझ्या डब्यात ठेव."

डेल्फीननं मातीचा ओला लेप लावला, दगड टेकवला आणि खाली ओढला. तासलेल्या कडेनं गळ्यापासून बुडापर्यंत ओरखडा गेला.

"मुद्दाम केलंस," म्हातारी म्हणाली.

"तासायला तूच सांगितलंस, आई."

"ठेव ते खाली."

डेल्फीननं भांडं बोटभर फिरवलं आणि दगड पुन्हा ओढला.