मुरायला ठेवलेली बाटली

लोणचं घालावं तर सरोजिनीबाईंनी, असं तुळजापुरात त्यांच्या गल्लीत आजही म्हणतात. मसाला भरला, बरणीच्या तोंडाला दादरा, म्हणजे धुतलेलं मऊ फडकं, आवळून बांधला, की बाई निर्धास्त. 'मुरू द्यावं' हा त्यांचा शब्द. जन्मभर बाई त्याच शब्दावर जगल्या आणि त्याच शब्दानं त्यांचा घात केला, असं म्हटलं तर कुणी रागावू नये.

नाशिकला लेकीकडे आठ दिवस राहायला जायचं, एवढीच त्यांची हौस. वैदेही तिथं वाइनच्या कारखान्यात नोकरी करते. "ये ना गं आई," ती म्हणायची. "येते, जरा थांब," या म्हणायच्या. आधी सासूबाईंचं अंथरूण होतं. त्या गेल्या, तर नवरात्रातले पाहुणे होतेच. तुळजापुरात घर असलेल्याला नातेवाईक कधी कमी पडत नाहीत. मग नवरा, नारायणराव, मास्तरकीतून निवृत्त झाले आणि दिवसभर पुढच्या खोलीत खुर्ची टाकून बसू लागले. बाहेर पडायचं तर त्यांच्या समोरूनच. 'अहो, मी नाशिकला जाते,' हे वाक्य बाईंनी मनात शंभरदा जुळवलं. खुर्चीपाशी आलं की त्याचं 'भाजी कुठली करू?' व्हायचं.

दिवाळीत वैदेही आली ती लाल वाइनची बाटली घेऊन. "तुझी लेक काय बनवते, चाखून तरी बघ!" वडील देवळात गेलेले बघून तिनं स्वयंपाकघरातच बाटली उघडली. मास्तरांच्या घरात, देव्हाऱ्यापासून हातभर अंतरावर! बाईंनी डोळे मिटून दोन घोट घेतले. आंबट, तुरट, काही खास नाही. पण थोड्या वेळानं कानशिलं गरम झाली आणि बाईंना हसूच आवरेना. तेवढ्यात नारायणराव परतले.

"काय हसू लालीस एवढी?"

"हसावं वाटलं म्हणून," बाई म्हणाल्या. लग्न झाल्यापासून त्यांनी नवऱ्याला असं उत्तर कधी दिलं नव्हतं.

वैदेही गेली, बाटली राहिली. कोवळी असताना दोन घोटांत एवढी धिटाई, तर मुरल्यावर केवढी येईल! झाकणात कोंदेल म्हणून बाईंनी बूच फेकून दिलं, तोंडाला दादरा बांधला, लिंबाच्या लोणच्याला दाखवतात तसं खिडकीतलं ऊन दाखवलं आणि बाटली फडताळात बरण्यांच्या मागं सारली. नारायणराव तिथं हात घालतील ही भीतीच नव्हती; मीठ कुठं असतं हेही त्यांना ठाऊक नव्हतं. पुरती मुरली की प्यायची आणि एकदाचं बोलून टाकायचं, असं ठरलं. रोज दादरा सोडून त्या वास घेत. वास चढत होता. बाई खूश. खुर्चीसमोरून जाताना आता पूर्वीइतका जीव गुदमरत नसे.

संक्रांत झाल्यावर एका दुपारी त्यांनी देवाला हात जोडले आणि पेला भरून तोंडाला लावला. घशात आग. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं. सिरका, निव्वळ सिरका! त्यांनी लेकीला फोन लावला.

"अगं आई, बाटली बंद असते तोवर मुरते, तीही प्रत्येक वाइन नाही. एकदा उघडली की तीन-चार दिवसांत संपवायची. कधी दुसऱ्या दिवशी हवा लागून जरा बरी लागते, पण पुढं उतरतच जाते. एवढे दिवस ठेवलीस कशाला?"

"मला वाटलं, सगळंच मुरतं," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवून दिला.

आधी रडू आलं, मग भयंकर राग. त्या तशाच पदर खोचून पुढच्या खोलीत गेल्या. पोटात थेंबभर धिटाई नव्हती.

"अहो, मी नाशिकला जाते."

नारायणरावांनी पेपर खाली घेतला. "जा की. मी कधी नको म्हणालो?"

बाई आठवू लागल्या. सासूबाईंच्या दुखण्यात, नवरात्रात, नंतर कधीतरी... एकदाही ते नको म्हणाले नव्हते. नको म्हणायला आधी कुणी विचारावं लागतं, आणि बाईंनी विचारलंच नव्हतं. आता राग काढायचा तरी कुणावर? तिथंच फरशीवर बसून त्या हमसून हमसून रडू लागल्या.

"अगं, जा म्हणालो ना?" नारायणराव गोंधळून म्हणाले. "मग आता काय झालं?"