चौथ्या ओळीच्या बाई

“संगणकातलं माझं खातं फक्त याच खोलीतून उघडू दे, मग काय म्हणायचं ते म्हणा.”

बाई साहेबांना असं म्हणाल्या, तेव्हा त्यांच्या निलंबनाचा कागद टेबलावर तयार होता. सही तेवढी राहिली होती.

वाहनचालकांचे डोळे तपासण्यात त्यांची सव्वीस वर्षं गेली. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, समोर खुर्ची, कोपऱ्यात संगणक. चौथी ओळ वाचली तर पास, नाही तर नापास. विनवण्यांना दाद नाही. चालकांनी नावच पाडलं, चौथ्या ओळीच्या बाई. नवरा म्हणायचा, “आमच्या घरी चष्म्याशिवाय जेवायला बसायची सोय नाही.”

एका सकाळी कामावर येताना त्यांना बसच्या आरशात चालकाचा चेहरा दिसला. महिन्यापूर्वी हाच माणूस तिसऱ्या ओळीवर अडला होता. पुढच्या थांब्यावर त्या उतरल्या आणि चालत ऑफिसला आल्या. संगणकात त्याच्या नावापुढे ‘पास’ होतं. नोंद त्यांच्याच खात्यातून. शोधल्यावर असे आणखी अकरा निघाले. त्यांनीच जाऊन साहेबांना सांगितलं, आणि त्याच आरोपी ठरल्या.

“खातं तुमचं, पासवर्ड तुमचा. मी दुसऱ्या कुणाला धरू?”

प्रत्येकाचा पासवर्ड पाकिटात घालून हेडक्लार्कच्या कपाटात ठेवायचा, असा तिथला नियम होता. बाईंनी त्याची आठवण दिली. साहेबांनी आठ दिवस दिले. बारा जणांना परत बोलवायच्या आदेशावर मात्र सही दिली नाही. तिसऱ्या ओळीवर अडलेला तो चालक बस चालवत राहिला. बाई रोज चालत येऊ लागल्या.

संगणकवाल्याने गुपचूप त्यांचं खातं खोलीतल्या यंत्राच्या नेटवर्क पत्त्याला बांधलं. आता पासवर्ड बरोबर असला तरी दुसरीकडून प्रवेश नाही; कुणी प्रयत्न केलाच तर बाईंचा संगणक वाजणार. दुसऱ्याच दिवशी वीज जाऊन आली, यंत्राला नवा पत्ता मिळाला आणि बाईंचंच खातं उघडेना.

हेडक्लार्क दारात उभे राहून हसले. “काय बाई, पासवर्ड विसरलात? पाकीट उघडू का?”

“राहू दे बंद,” बाई म्हणाल्या.

संगणकवाल्याने पत्ता कायमचा करून दिला. पुढे सगळेच चालक चौथी ओळ घडाघडा वाचून गेले. नापासच कुणी नाही, तर चोरून पास करायचं कुणाला? काहीच घडेना. संशय खोलीत शिरला की खुर्च्यासुद्धा पाठ फिरवतात. बाई त्या खुर्च्या रोज पुसत होत्या.

आठव्या दिवशी सकाळी एक ट्रकवाला नापास झाला. दुपारी साहेब कागद घेऊन आले. सही करायला त्यांनी तो हातभर लांब धरला.

“तुमचा नंबर वाढलाय, साहेब. बसा.”

सव्वीस वर्षांच्या त्या आवाजापुढे साहेब बसले. बाईंच्या एका हातात त्यांच्या डोळ्यावरची झाकणी, दुसऱ्या हातात छडी. साहेब तिसऱ्या ओळीवर चाचपडत असतानाच कोपऱ्यात संगणक वाजला.

छडी तक्त्यावरून स्क्रीनकडे वळली. “आता हे वाचा.”

साहेब उठून जवळ गेले. “पासवर्ड बरोबर. पत्ता मंजूर नाही. प्रवेश नाकारला.” खाली दुसऱ्या यंत्राचा पत्ता होता. त्यांनी संगणकवाल्याला फोन लावला. उत्तर बाईंनाही ऐकू गेलं: “हेडक्लार्कचं टेबल, साहेब.”

साहेबांनी निलंबनाचा कागद उभा फाडला. बाईंनी खणातून बारा चालकांचा आदेश काढून पुढे ठेवला. सही झाली.

“बाई, माझी जरा घाईच झाली...” साहेब म्हणाले.

बाईंनी तक्त्यावरचा दिवा बंद केला, आदेश पर्समध्ये घातला आणि बसडेपोकडे जायला बाहेर पडल्या.