कॅलिबरचे डॉक्टर

चार माणसं दर शुक्रवारी एका टेबलाशी बसली की किस्से साठतातच. इथे आखातात, उम्म अल हस्सम भागातल्या हॉटेलातल्या आमच्या टेबलावरचे बहुतेक माझ्या फजितीचे आहेत. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगितलेले बरे.

मी भौतिकशास्त्राचा पीएच.डी. आहे. बंदुकीच्या नळीतून सुटलेली गोळी कशी जाते, हे तीस वर्षं शिकवलं. रायफल मात्र कधी हातात धरली नव्हती. मंडळींनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

*

रत्नागिरीचे इस्माईलभाई इथे टाइल्सचे व्यापारी. परवाना काढून आफ्रिकेत हरणाच्या शिकारीला निघाले.

"डॉक्टर, कॅलिबर कुठलं घेऊ?"

मी कागदभर आकडेमोड करून थ्री-सेव्हन्टी-फाइव्ह सांगितलं. ताकद कमी पडायला नको! ते हत्तीसाठी वापरतात, हे त्यांना तिथल्या वाटाड्याकडून कळलं. परत आले तेव्हा उजवा खांदा काळानिळा.

"आणि हरीण?"

"त्याला काय धाड भरलीय? पडलो तो मी."

*

कांबळे एसीचा टेक्निशियन. शिकार त्याला पटत नाही, तो कागदावरच नेम धरतो. टार्गेटसाठी पॉइंट टू टू पुरेल का, असं त्याने विचारलं. एवढी हलकी गोळी वाऱ्याने किती सरकते, हे मी अर्धा तास समजावलं. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं.

"सर, आपली रेंज बंद हॉलात आहे. वारा फक्त एसीचा, आणि तो मीच बसवलाय."

*

जुफैर भागातल्या आमच्या घरी नातीने एकदा विचारलं, "आजोबा, हॅव यू एव्हर फायर्ड वन?"

"थिअरीत," मी म्हणालो.

"सो, नो."

*

आमच्या नेमबाजी क्लबच्या संघात एकच जागा उरली होती. कांबळेने तिच्यासाठी वर्षभराच्या सुट्ट्या रेंजवर घालवल्या होत्या. निवडीच्या दिवशी त्याच्या शेजारची लेन रिकामी होती. इस्माईलभाई म्हणाले, "आज डॉक्टरांनाही पाच गोळ्या द्या." नाही म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही.

रेंज ऑफिसरने आधी माझा कागद पाहिला. "डॉक्टर, चार ही हैं. पाँचवी किधर?"

"एका भोकातून दोन गेल्या असतील," मी म्हणालो. मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मग त्याने कांबळेचा कागद काढला. त्यावर सहा भोकं होती. जास्त गोळी झाडली की सगळ्यात चांगलं भोक वजा, हा इथला नियम. कांबळेने एकदा माझ्या कागदाकडे पाहिलं.

"मेरे से एक जादा भर गई होगी," तो म्हणाला.

"खलास," ऑफिसर म्हणाला आणि मधलं भोक खोडलं. जागा दुसऱ्याला गेली.

बाहेर पायऱ्या उतरताना कांबळेने माझा हात धरला.

"सर, एका भोकातून दोन जाऊ शकतात ना?"

"जाऊ शकतात," मी म्हणालो.