सुनेची ओटी

दुबईतलं बिऱ्हाड मोडून माझा मुलगा, सून आणि वर्षाची नात कॅनडाला निघाली होती. मधले तीन आठवडे सोलापुरात माझ्यापाशी राहिली. शेवटच्या दिवशी दुपारी मुंबईला न्यायला गाडी येणार होती. मुलगा बॅगांवर गुडघा रोवून चेनी ओढत होता आणि मला एकच घोर लागला होता. सुनेची ओटी कोण भरणार?

बायको होती तोवर हा प्रश्न माझा नव्हता. या उंबऱ्यातून सून रिकाम्या ओटीनं कधी गेली नाही. आता बायको जाऊन वर्ष झालं. घरात बाईमाणूस नाही.

आणि या सुनेला तसं पाठवणं मला जमणारच नव्हतं. का ते सांगतो. दुखण्यात शेवटी बायकोचं अन्न सुटलं. मी भाकरी दुधात कुस्करून पुढं धरायचो, ती तोंड फिरवायची. मी चिडायचो. चिडून काय होतंय? सून तेव्हा दुबईत, पोटुशी. तिलाही अन्नाचा वास सहन व्हायचा नाही. तरी रोज दुपारी मोबाईल लावून समोर ताट घेऊन बसायची.

"आत्या, मी एक घास खाते, तुमी एक खायचा. लबाडी चालायची न्हाय."

आणि बायको खायची. मला म्हणायची, "ती दोन जिवांची हाय. मी न्हाय खाल्लं तर ती खायची न्हाय."

असे चार महिने निघाले. बायको गेली तेव्हा सून नुकती बाळंत झालेली, तिला येता आलं नाही. त्या चार महिन्यांबद्दल मी तिला आजवर एक शब्द बोललो नव्हतो. आमच्यात सासरा सुनेला असलं काही बोलत नाही. ओटी भरली की बोलल्यासारखंच झालं, असं मी मनात धरून बसलो होतो.

नारळ आणला. बायकोनं ट्रंकेत जपलेला खण काढला. अंगणातल्या बुटक्या भिंतीपलीकडच्या अक्काला हाक मारली. घर तेलुगू, पण तिचा नवरा आणि मी चादरीच्या कारखान्यात शेजारशेजारचे माग चालवायचो, त्यामुळं परकं कधी वाटलं नाही.

"काका, आमाला सुतक हाय की! परवाच दीर गेला न्हाय का? मी कशी शिवू?"

माझ्या ध्यानातच नव्हतं. गल्लीतल्या बाकीच्या बायका वळलेल्या विड्या द्यायला विडी कारखान्यात गेलेल्या. मी नारळ धरून भिंतीशी तसाच उभा राहिलो. सून पोरीला कडेवर घेऊन मागं कधी आली कळलं नाही.

"मामा, तुमीच भरा."

"येडी का काय! रंडक्या म्हाताऱ्यानं ओटी भरलेली कुटं बघितलीस?"

"न्हाय बघितली. आज बघते."

अक्का भिंतीपलीकडनं म्हणाली, "भरा की काका. हात मोडलेत व्हय? मी हितनं सांगते."

सुनेनं पोरगी नवऱ्याकडं दिली, कुंकू स्वतःच लावून घेतलं, तिथंच अंगणात पाटावर बसली आणि ओढणी पसरली. आयुष्यभर माग चालवलेले हात माझे, पण एवढी ओंजळ सांभाळता येईना. ओंजळीतले निम्मे तांदूळ फरशीवर.

"आदी खण, खण! मग नारळ. काका, ओटी भरताय का पोतं?"

मुलगा हसला, सून हसली. मलाही हसू आलं आणि हसता हसता डोळे गळायला लागले. थांबेनात.

तेवढ्यात मुलगा म्हणाला, "आण्णा, खण नेता येईल. नारळ-तांदूळ न्हाय. विमानतळावर काढून टाकतात."

एवढं करून ओटी कचऱ्यात?

सून उठली. "टाकतील कशाला? ओटीचं मीच खायचं असतंय न्हवं? मग हितंच शिजवते."

तिनं खण बॅगेत घातला आणि स्वयंपाकघरात गेली. नारळ फोडला, खवला, गूळ चिरला. वर्षभर त्या गॅसवर माझा चहा नि खिचडी, दुसरं काही शिजलं नव्हतं. नारळीभाताचा वास पार गल्लीत गेला. बाहेर गाडी आली, ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. वाजवू दे म्हटलं.

आम्ही जेवायला बसलो. तिनं पहिल्यांदा मलाच वाढलं. ओटी भरून झाली होती, तरी माझ्या मनातलं काही कमी झालं नव्हतं. मग मी बोलून टाकलं. मला शब्द जुळवता येत नाहीत.

"तू होतीस म्हणून ती चार महिने जेवली. लई उपकार केलेस बाई."

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. मुलगा पोरीच्या तोंडाकडं बघत बसला.

"उपकार कसले, मामा," ती म्हणाली आणि ओढणीनं नाक पुसलं. मग माझ्या ताटाकडं बघून विचारलं, "गूळ जास्त झालाय का हो?"

"झालाय," मी म्हणालो आणि आणखी वाढ म्हणून ताट पुढं केलं.