हौसामावशीची जीभ

हौसामावशी कुठलाही पाला चाखल्याशिवाय विकत नसे. मंडईबाहेर माझ्या लिंबांच्या पाटीला लागून तिचं गोणपाट असायचं. सकाळी धायरीकडच्या डोंगरातून ती अडुळसा, गुळवेल घेऊन यायची आणि प्रत्येक जुडीतलं थोडं चावून बघायची. "डोळं फसत्यात, जीभ फसत नाय," म्हणायची. गुळवेलीसारखीच दिसणारी एक विषारी वेल तिकडे मिळते. गुळवेलीचा कडूपणा थोड्या वेळानं निवतो, त्या वेलीचा घशात चिकटून बसतो. एवढीच ओळख.

गिऱ्हाईक तिला दबकून असे. खोकला महिन्याचा आहे म्हटलं, की दिलेली जुडी ओढून घ्यायची. "आधी दवाखान्यात छाती दाखव. मी काय देव हाय?"

दोन वर्षांपूर्वी तापात तिची चव गेली, ती परत आलीच नाही. हे तिनं मला एकटीला सांगितलं. तेव्हापासून ती माझ्या हातावर तुकडा ठेवायची आणि हळूच विचारायची, "निवतंय का गं, शांते?" मी मान हलवली, की जुडी विकायला निघायची.

एका सकाळी शनिवार पेठेतल्या एक बाई गुळवेल घ्यायला आल्या. मी तुकडा चावत होते. कडूपणा जात नव्हता. बाई म्हणाल्या, "अहो, विकायची आहे, की दोघींनी मिळून संपवायची आहे?" आजूबाजूचे हसले. चार माणसांत बोलायचं म्हटलं की माझं तोंड उघडत नाही. मावशीनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

महिन्याभरानं त्या बाईंचा मुलगा आला. आई रोज काढा घेत होती. डोळे पिवळे झाले, लिव्हर गेलं, परवा वारली.

"तो पाला कोणी दिला?" त्यानं विचारलं.

"मी," मावशी म्हणाली. "मीच चाखून दिला."

तो निघून गेला. मावशीनं गोणपाट गुंडाळलं, ती पुन्हा बसायला आली नाही.

मी धायरीला भेटायला गेले, तेव्हा तिनं जेवण सोडलं होतं. माझा हात धरून म्हणाली, "खरं सांग. त्या दिशी निवलं व्हतं ना?"

मी मान हलवली.

"मग तुझा दोष नाय पोरी. माझ्याच हातानं दुसरी जुडी उचलली असंल."

आठवड्यानं ती वारली. तिनं मला विचारलं, तेव्हा खोलीत चार माणसं नव्हती. आम्ही दोघीच होतो.